पिवळ्या दोऱ्याची वडी

चॉकलेट या पदार्थाशी माझी पहिली ओळख झाली ती बैलगाडीत, आणि ती ओळख लांबूनच झाली. डबा आव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मांडीवर होता, मी आव्वाच्या शेजारी होते, आणि आमच्या मध्ये आव्वाचं कोपर होतं. नवरात्रात आम्ही सोलापूरला मामाकडं आठ दिवस राहून अणदूरला परत निघालो होतो. आप्पा पुढं गाडीवानाशेजारी बसलेले, मागं आम्ही दोघी, आणि कडब्यावर अंथरलेल्या वाकळेत भाकरी-शेंगाचटणीचं गाठोडं. निघताना मामानं तो पत्र्याचा डबा आव्वाच्या हातात दिला होता. झाकणावर बर्फाचा डोंगर आणि एक गुबगुबीत गाय. आमच्या गोठ्यातल्या गाईच्या बरगड्या मोजता यायच्या, त्यामुळं ही गाय बघूनच आतला माल थोर असणार अशी माझी खात्री झाली. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की घरी पोचेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, आणि वाटायचं ते आव्वाच वाटील. मी शहाण्यासारखी मान हलवली. आयुष्यात मी जितक्या वेळा शहाण्यासारखी मान हलवली, तितक्या वेळा पुढं काहीतरी घोटाळा झालेला आहे.

त्या दिवसांत सोलापूर एका राज्यात आणि अणदूर दुसऱ्या. सोलापुरात नुकतेच स्वातंत्र्याचे झेंडे लागलेले मी डोळ्यांनी बघून आले होते. आमच्याकडं निजामाचा अंमल, आणि तो झेंडा नुसता घरात सापडला तरी माणूस उचलून नेत. मध्ये नाका होता. तिथं गाड्या थांबवायच्या, गाठोडी सोडायची, पेट्या उघडायच्या. जाताना नाक्यावर आव्वा माझ्याशी गोष्टी करत होती. येताना मात्र नाका दिसायला लागला तशी तिनं बोलणं बंद केलं. मी विचारलं, आपण थांबलो का, तर म्हणाली, "सुम्म बस."

नाक्यावरच्या शिपायानं वाकळ उचकटली, भाकरीचं गाठोडं सोडलं आणि शेवटी डब्याकडं बोट केलं. आप्पा म्हणाले, पोरीसाठी मिठाई आहे, दसऱ्याची. त्यानं झाकण काढलं. वर रंगीत कागदात पिळलेल्या बारक्या गोळ्या होत्या, लाल, हिरव्या, जांभळ्या. त्यानं मूठभर उचलल्या, खिशात टाकल्या, पुन्हा हात घातला. या खेपेला त्याची बोटं खालच्या कागदापर्यंत गेली. आव्वाचं कोपर माझ्या बरगडीत रुतत चाललेलं मला आठवतं. आणि मी भोकाड पसरलं. साधंसुधं नाही, गाडीचे बैल बिचकले असं. त्याचा हात धरून मी बोंबलत होते, की माझ्या आहेत, सगळ्या माझ्या आहेत, मी अजून एकपण खाल्ली न्हाय. शिपाई हसला. "लई चिंगूस पोरगी हाय तुमची," म्हणत त्यानं झाकण लावलं आणि गाडी सोडली. पुढं आमच्या घरात हा प्रसंग गिरिजानं प्रसंगावधान दाखवलं म्हणून सांगितला जायचा. मी तो कधी दुरुस्त केला नाही. आता या वयात खोटं कशाला बोलू? मला फक्त गोळ्यांची पडली होती.

घरी पोचल्यावर आव्वानं मला त्यातल्या दोन गोळ्या दिल्या, एक लाल आणि एक जांभळी, आणि डबा उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात ठेवला. वर पाच मडकी. उतरंड खाली घ्यायची तर पाच मडकी उतरवायची, आणि आवाज न करता पाच मडकी उतरवणारी मुलगी त्या वेळी अणदुरात एकच होती. दुपारी आव्वा ओसरीवर शेंगा निवडत असताना मी डब्यापर्यंत पोचले. गोळ्यांखालचा कागद उचलला, आणि खाली सोनं होतं. सात रुंद, चपट्या वड्या, सोनेरी कागदात गुंडाळलेल्या. प्रत्येकीला रेशमी दोरा बांधलेला, एकीचा लाल, एकीचा निळा, असे सात रंग. मी एक हुंगली. तो वास मी आजही सांगू शकत नाही. जळलेल्या गुळासारखा, पण गूळ जर राजाच्या घरी जळाला तर.

त्या सात वड्या बघून माझ्या मनात भक्तीबिक्ती नाही, राग उभा राहिला. म्हणजे चिल्लर माझ्या वाट्याला, आणि खरा माल आव्वा दुसऱ्यांना देणार. संध्याकाळी माझ्या संशयाला पुरावाही मिळाला. आव्वा आप्पांना हळू आवाजात सांगत होती, की दसऱ्याला सोनं द्यायला बायका येतील तेव्हा एकेकीच्या ओटीत एकेक घालीन. तिनं घरं मोजली, ती सहा भरली. सगळी घरं अशी, की ज्यांचा थोरला मुलगा गावात नव्हता. कुणी मुंबईला गिरणीत गेलेला, कुणी बार्शीला दुकानात. आमचा अण्णा पुण्याला शिकायला गेला होता. मला हे सगळं ऐकू आलं आणि त्यातून मी एवढाच अर्थ काढला, की सहा वाटल्यावर सातवी आव्वा स्वतः खाणार. अक्कल वाटली जात होती तेव्हा मी बहुतेक उतरंडीपाशी होते.

आता जैबूबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या घरापासून चौथं घर पोलीस जमादाराचं. त्यांची मुलगी जैबुन्निसा माझ्या वर्गात होती. ती उर्दूच्या तासाला पहिली यायची ते ठीक, पण मराठीच्या तासालाही बसायची आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढायची, हे मला सोसत नसे. तिच्यापाशी हैदराबादच्या लाखेच्या बांगड्या होत्या. मी सोलापूरला जायच्या आधी तिनं त्या माझ्या कानापाशी वाजवल्या होत्या. कुणाची बांगडी फुटली, कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाला शाळेत छड्या बसल्या, हे जैबूच्या तोंडून दुपारपर्यंत गावभर व्हायचं. तिच्या आईला मी खाला म्हणायचे. दसऱ्याला आमच्याकडून त्यांच्या घरी शेंगापोळ्यांचं ताट जायचं आणि ईदेला त्यांच्याकडून शेवया, खारका, साखर असं कोरडं सामान यायचं, कारण त्यांच्या हातचं शिजलेलं आमच्या घरात चालत नसे. ते आमच्या घरात चालत नसे म्हणून मी खालाच्या चुलीपाशी बसून खाऊन यायचे. ताटाची रीत मात्र दोन्ही घरांत एकच होती. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही. काहीच नसलं तर साखरेची चिमूट, पण ताट भरून जायचं.

दसऱ्याच्या दुपारी आव्वानं पितळी ताटात सात-आठ शेंगापोळ्या रचल्या, वर आपट्याची चार पानं ठेवली, विणलेला रुमाल झाकला आणि मला जमादाराच्या घरी पाठवलं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत वळले. आव्वा न्हाणीत होती. पाच मडकी उतरली, पाच मडकी चढली. वड्यांपैकी मी पिवळ्या दोऱ्याची उचलली, कारण सोन्याला पिवळा दोरा शोभतो असं मला वाटलं. ती शेंगापोळ्यांवर, आपट्याच्या पानांशेजारी ठेवली. लाखेच्या बांगड्यांना असलं सोनं कुठून येणार? जैबूच्या हातात ताट देताना मी रुमालाचं टोक मुद्दाम थोडं वर केलं. तिचे डोळे मोठे झालेले मी पाहिले, आणि घरी येताना सगळी गल्ली माझीच आहे अशी चालत आले.

दिवेलागणीला बायका सोनं द्यायला यायला लागल्या. आव्वा डबा घेऊन बसली होती. एकेक बाई यायची, पानं द्यायची, आव्वा तिच्या ओटीत हात घालायची. त्या बायका वडी घेताना हसत नव्हत्या, हे मला विचित्र वाटलं. एकीनं तर ती छातीशी धरली आणि तशीच निघून गेली, कुंकू लावून घ्यायलाही थांबली नाही. सहावी बाई गेली आणि आव्वानं डब्यात पाहिलं. मग डबा कलता केला. मग बोटांनी गोळ्या बाजूला सारल्या. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार, म्हणून मी आधीच पाठ वाकवून ठेवली. धपाटा आला नाही. आव्वा एवढंच म्हणाली, "पिवळ्या दोऱ्याची कुठं हाय, गिरजे?"

मी सांगितलं. जमादाराच्या घरी, असं म्हटल्यावर आव्वानं आप्पांना हाक मारली. आप्पा देव्हाऱ्यापुढं होते, ते तसेच उठून आले. त्या दोघांचे चेहरे बघून मला पहिल्यांदाच कळलं, की मोठी माणसंही घाबरतात, आणि ती घाबरली की आरडाओरडा करत नाहीत. आप्पांनी दार लोटलं आणि मला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. अण्णा पुण्यात नव्हता. त्या सहा घरांतली पोरंही मुंबई-बार्शीला नव्हती. सगळे हद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत होते. मामा त्यांना भाकरी पोचवायचा. प्रत्येकानं घरी चिठ्ठी लिहिली होती, आणि मामानं ती सोनेरी कागदाच्या आत, वडीला लपेटून दिली होती. पिवळा दोरा अण्णाचा.

"काय लिवलंय त्यात?" मी विचारलं.

"ते आता जमादाराला ठाव," आप्पा म्हणाले.

रात्रीची पुरणपोळी तशीच राहिली. मी खाल्ली नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण एक खाल्ली. वडी परत मागायची सोय नव्हती. दसऱ्याचं दिलेलं सोनं कोण परत मागतं? मागितलं की तिथंच संशय. आप्पांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं: वडी कुणाच्या हातात दिली, जमादार घरात होता का, जैबूनं दोरा तिथंच सोडला का. जैबूला मराठी वाचता येतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. माझ्यापेक्षा चांगलं येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं. आणि जैबूच्या पोटात काही राहत नाही, हे तर गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात जो आवाज होता तो फक्त रस्त्यावरचा. कुणाची वहाण वाजली की आव्वाची परात थांबायची. घोड्याची टाप आली की आप्पा गादीवरून अर्धे उठायचे. मी ओसरीच्या खांबाला धरून जमादाराच्या दाराकडं बघत होते. जैबू बाहेर आली नाही. रोज सकाळी ती पाण्याच्या निमित्तानं दोन खेपा करायची, त्या दिवशी एकही नाही. दुपार कलली आणि ते दार उघडलं. खुद्द जमादार बाहेर पडला. अंगावर खाकी, डोक्याला तुरेवाला फेटा, आणि दोन्ही हातांत आमचं पितळी ताट, हिरव्या कापडात बांधलेलं. तो सरळ आमच्या दिशेनं आला.

आप्पांनी त्याला बसायला घोंगडी टाकली. तो बसला, ताट शेजारी ठेवलं आणि मिशीवरून हात फिरवला. आव्वा दाराआड उभी होती. मी तिच्या पदराला धरून होते. जमादारानं पावसाची चौकशी केली. तुरीच्या पिकाची केली. मग म्हणाला, "थोरला काय म्हणतोय तुमचा? पुण्यालाच हाय न्हवं?"

"पुण्यालाच," आप्पा म्हणाले. "शिकतोय."

"दिवाळीला येत असंल की."

"बघू. परीक्षा हाय म्हणतो."

जमादारानं आमचा गुळाचा चहा बशीत ओतला. मग चहा संपवून उठला. बीबीनं ताट आपल्यालाच न्यायला लावलं, पोरीच्या हातून सांडंल म्हणाली, असं तो जरा ओशाळून सांगत होता. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, शेंगापोळ्या झकास होत्या. तो चौकीकडं वळल्यावर आप्पांनी ताट आत आणलं.

ते हिरवं कापड खालाचं डोक्यावर घ्यायचं होतं. त्याच्या चार टोकांना चार गाठी मारल्या होत्या, आणि एकेक गाठ अशी, की नखांनी सुटेना. आव्वानं दातांनी सोडवल्या. आत खारका होत्या, काठोकाठ. आव्वानं त्या पदरात ओतल्या. ताटाच्या तळाशी चिठ्ठी होती, घडीवर घडी घातलेली, आणि तिला पिवळा दोरा गुंडाळलेला. जमादारानं स्वतःच्या हातांनी ती आमच्या घरी आणून पोचवली होती.

आप्पांनी चिठ्ठी वाचली. अण्णा बरा होता. पायाला लागलेलं भरत आलं होतं. आव्वाच्या हातचं खावंसं वाटतं म्हणून दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पहाटे ओढ्याच्या वाटेनं घरी येईन, दोन घटका बसून जाईन, असं त्यानं लिहिलं होतं. आव्वा चिठ्ठीवर हात ठेवून रडली. मला तेव्हा वाटलं, चला, संपलं. चिठ्ठी आली, भाऊ येणार, आता उरलेल्या गोळ्या वाटायला हरकत नाही.

पण कापड परत द्यायचं होतं, आणि तेही रिकामं जायचं नव्हतं. आव्वानं ते धुतलं, वाळवलं, आणि बराच वेळ समोर घेऊन बसली. असल्या कापडात काय बांधावं हे तिला सुचत नव्हतं. शेवटी तिनं डबा आणला आणि उरलेल्या सगळ्या रंगीत गोळ्या त्या कापडात ओतल्या. एक म्हणून ठेवली नाही. मग ते गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तू दिलंस, तूच जा. एवढी कडक शिक्षा मला नंतर कधी झाली नाही. चार घरांचं अंतर, हातात गोळ्यांचं गाठोडं. एक खाल्ली. हिरवी होती.

खाला चुलीपुढं होती, घरात कुणी पुरुषमाणूस नव्हतं. जैबू कोपऱ्यात पाटीवर लिहीत बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पाटीत डोकं घातलं. खालानं गाठोडं घेतलं, सोडलं, गोळ्या बघितल्या. मग मला जवळ ओढून माझं तोंड हुंगलं आणि हसली. तिचं हसणं लगेच गेलं.

"आव्वाला सांग," ती म्हणाली, "दिवाळीला पोरं घरी येत्यात हे सरकारलाबी कळतं. पहिल्या आंघोळीला वढ्यात शिपाई बसनार हैत. आमचे बी त्यातच हैत."

जैबूनं मान वर न करता विचारलं, समजलं का, की लिहून देऊ. मी म्हटलं, समजलं. मग तिनं सांगितलं, की चिठ्ठी तिनंच आईला वाचून दाखवली, आणि वडी तिनं एकटीनं खाल्ली, कारण पुरावा ठेवायचा नसतो. एवढं बोलून ती पुन्हा लिहायला लागली. जी मुलगी कुणाची फुटकी बांगडी पोटात ठेवू शकत नव्हती, तिनं माझा भाऊ ठेवला होता.

आव्वाला मी निरोप शब्दाला शब्द सांगितला. तिनं दुसऱ्यांदा सांगायला लावला. आप्पा त्याच दुपारी कापूस घ्यायच्या निमित्तानं सोलापूरला निघाले, आणि मामामार्फत अण्णाला निरोप गेला, की येऊ नको. पहिल्या आंघोळीला आव्वानं तरीही अण्णाचा पाट मांडला, उटणं कालवलं आणि ते माझ्या अंगाला इतकं घासलं, की मी सोलून निघाले. उजाडल्यावर ओढ्याकडून शिपाई परत येताना दिसले, थंडीनं आखडलेले, खांद्यावर बंदुका. सगळ्यात मागं जमादार होता. आव्वानं त्यांना मोजलं. त्यांच्यामध्ये कुणी बांधलेला माणूस नव्हता. मग ती आत गेली आणि फराळाचं ताट वाढायला बसली, जमादाराच्या घरचं.

पुढच्या दसऱ्यापर्यंत राज्य बदललं होतं. अण्णा घरी आला, लंगडत, दाढी वाढलेला, आणि गल्लीतल्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तीच पोरं तिथून जमादाराच्या दारापुढं जाऊन उभी राहिली. जमादाराची खाकी उतरली होती, दार आतून लावलेलं होतं, आणि कुणाच्या तरी हातात दगड होता. आव्वानं अण्णाला घरात बसूही दिलं नाही. पितळी ताट त्याच्या हातात दिलं, शेंगापोळ्या, वर आपट्याची पानं, वर रुमाल. म्हणाली, पहिलं सोनं तिथं. अण्णा ताट घेऊन गर्दीतून गेला, मी त्याच्या मागं. तो त्या दारापुढं उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खाला, दार उघडा. मी पुण्यावरून आलो."

दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा अण्णा उंबऱ्यावर त्यांच्याबरोबर खायला बसला आणि ताट रिकामं होईपर्यंत उठला नाही. दगडवाला पोरगा केव्हा गेला ते मी बघितलं नाही. मी जैबूकडं बघत होते. तिनं ताट आत नेलं आणि परत आणून माझ्या हातात दिलं. हिरवं कापड नव्हतं, गाठी नव्हत्या. ताटात एकच वस्तू होती. वर्षभर कुठल्या तरी पुस्तकात दाबून ठेवलेला तो सोनेरी कागद, नखानं सपाट केलेला, आणि आपट्याच्या पानासारखा दोन पाळ्यांचा कापलेला.

मी तो घरी येईपर्यंत हातात धरून होते. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून चाटला. चव गेली होती.